‘किरकोळ भांडण, समज दिली’ : या चार शब्दांवर अडलेला कायदा

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत एखादी आई ‘माझ्या पोराला रोज त्रास देतात’ म्हणून गेली, की पहिलं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : ‘पोट्टे हायेत, भांडनारच.’ आणि कागदावर काही उतरलंच, तर चार शब्द उतरतात : किरकोळ भांडण, समज दिली. त्या चार शब्दांत कोण, कुठे, कधी, कितव्यांदा यातलं काहीच नसतं. पुढे प्रकरण वाढलं तरी शिक्षणाधिकारी, पोलीस किंवा बाल हक्क आयोग यांच्या हाती तेवढाच कागद येतो.

(इथे बोलणं चाललंय ते नागपूर आणि आसपासच्या सरकारी शाळांबद्दल.)

आधी भांडण आणि छळ यांतला फरक, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नॉर्वेत आयुष्यभर याच विषयावर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी तीन कसोट्या दिल्या : मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोन्ही बाजूंच्या ताकदीत फरक असलेलं. पाचवीतल्या दोन पोरांनी बॅटवरून एकमेकांची कॉलर धरली, ते भांडण. सातवीतले चौघं मिळून पाचवीतल्या एकाची पाण्याची बाटली तीन आठवडे रोज खिचडीच्या वेळेला संडासात टाकतात, तो छळ. ताकद म्हणजे फक्त अंगबळ नव्हे. चौघांविरुद्ध एक ही ताकद आहे, आणि वर्गात सगळ्यांसारखी भाषा न बोलता येणं हा कमकुवतपणा आहे. भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीतून आलेल्या पोराच्या बोलीवरून, छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्या मजुराच्या पोरीच्या मराठीवरून नाव पाडलं जातं, आणि ते नाव वर्षभर चिकटतं. ‘चिडवलं फक्त’ असं म्हणून हे सोडून देता येत नाही. मोबाइलवर तर ‘पुन्हा पुन्हा’ ही कसोटी एका फोटोतही पूर्ण होते, कारण तो फोटो रोज कुणीतरी पुढे ढकलत असतो.

आता कायदा. भारतात शाळेतल्या मुलांनी मुलांचा केलेला छळ, एवढ्याच विषयावरचा असा एकही केंद्रीय कायदा नाही. जपानने २०१३ मध्ये असा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत केंद्राचा कायदा नाही, पण पन्नासही राज्यांनी आपापला केला आहे. पहिला जॉर्जियाने १९९९ मध्ये, शेवटचा मोंटानाने २०१५ मध्ये. तिथल्या २५ राज्यांतल्या शाळकरी मुलांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या कामाचा आहे. ज्या कायद्यांत तो कुठे-कुठे लागू होतो हे स्पष्ट होतं, कोणतं वागणं मना आहे याचं वर्णन होतं आणि स्थानिक पातळीवर धोरण करण्याची सक्ती होती, त्या राज्यांत छळाचं प्रमाण कमी आढळलं. नुसता ‘छळ करू नये’ म्हणणारा कायदा फलकावर शोभतो, तेवढंच.

आपल्याकडे आहेत ते तुकडे. ते जोडता आले तर बरंच काही होतं, फक्त कोणता तुकडा कुठे बसतो हे माहीत हवं.

सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जाणारा तुकडा म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७. ‘कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही,’ हे वाचून पालक खूश होतात. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं, की उल्लंघन करणाऱ्यावर त्याला लागू असलेल्या सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होईल. सातवीतल्या पोराला कुठले सेवानियम? हे कलम मुळात मोठ्यांसाठी आहे. मात्र दोन ठिकाणी ते थेट उपयोगी पडतं. त्रास देणाऱ्या पोराला शिक्षकांनी छडी मारली, उठाबशा काढायला लावल्या, तर शाळा स्वतःच कलम १७ मोडते. आणि शिक्षक वर्गात स्वतः एखाद्याला ‘ढ’, ‘जाड्या’ म्हणतात आणि पोरं तेच उचलतात, तेव्हा तक्रारीची सुरुवात शिक्षकापासूनच होते.

याच कायद्याचं कलम १६ मुख्याध्यापकांना फारसं आवडत नाही : आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणून ‘त्या पोट्ट्याचा दाखला हातात द्या’ ही पालकांची मागणी मान्य होऊच शकत नाही. ती होऊ नये असंच माझंही मत आहे, कारण तो पोरगा पुढच्या शाळेत हेच करेल. पण याची दुसरी बाजू जास्त वेळा दिसते. शाळा त्रास सोसणाऱ्यालाच सुचवते, ‘तुम्ही दुसऱ्या शाळेत का नाही घालत?’ दाखला मागणं हा मुलाचा हक्क आहे. घ्यायला लावणं हा शाळेचा अधिकार नाही. असं तोंडी सुचवलं गेलं, तर त्याच दिवशी पत्र द्यावं : ‘आज आपण दाखला घेण्यास सुचवले, आम्ही दाखला मागितलेला नाही.’

दुसरा तुकडा जवळपास कुणी वापरत नाही, तो म्हणजे महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा, १९९९. रॅगिंग म्हटलं की मेडिकल कॉलेज आणि होस्टेल आठवतं, म्हणून शाळा त्याकडे बघतच नाहीत. पण कायद्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या रुंद आहे : कोणत्याही नावाने ओळखली जाणारी, शिक्षण देणारी संस्था, शिवाय तिचं वसतिगृह. रॅगिंगच्या व्याख्येतही चिडवणं, शिवीगाळ, धमकी, दुखापत आणि भीती किंवा लाज वाटेल असं काहीही करायला लावणं, हे सगळं येतं. यातली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड ही शिक्षा शाळकरी पोरांच्या बाबतीत बिनकामाची, कारण अठराच्या आतलं मूल बाल न्याय मंडळाकडेच जातं. खरं काम आहे ते मुख्याध्यापकांवरच्या बंधनाचं. विद्यार्थ्याने किंवा पालकाने लेखी तक्रार दिली, की सात दिवसांच्या आत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. हे टाळलं, तर संस्थेच्या प्रमुखाने गुन्ह्याला साहाय्य केलं असं कायदा मानतो. आठवीच्या आत निलंबन आणि शिक्षण हक्क यांची ओढाताण होते, आणि चार दिवस घरी मोबाइल घेऊन बसलेल्या पोरात काही सुधारणाही होत नाही. पण ‘सात दिवस’ आणि ‘लेखी’ हे दोन शब्द अर्जात आले, की तो अर्ज टेबलाच्या खणात राहत नाही.

पोलिसांचं नाव काढलं की दोन्हीकडचे पालक घाबरतात. बाल न्याय कायदा, २०१५ आणि त्याखालचे २०१६ चे नियम याबाबतीत बरेच समंजस आहेत. सात वर्षांच्या आतल्या मुलाने केलेली कृती गुन्हाच धरली जात नाही. त्यापुढच्या मुलाने केलेलं कृत्य अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसेल, तर पोलीस एफआयआर नोंदवत नाहीत. स्टेशन डायरीत माहिती लिहितात, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करतात आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवतात. हे काम प्रत्येक ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं असतं, म्हणून ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदाराशी वाद घालण्यापेक्षा त्याच अधिकाऱ्याला भेटायचं आहे असं सांगावं. कलम ७४ तर शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिकटवून ठेवायला हवं : अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख कुठल्याही माध्यमातून उघड केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपवर ‘हाच तो पोरगा’ म्हणून फोटो टाकणारा बाप स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडतो.

बाकीचे कायदे प्रसंग पाहून. जातीवरून सर्वांसमक्ष अपमान झाला, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, तिथल्या वर्गात आडनाव विचारून हसणं चालत असेल, तर त्याला शिक्षकाने ‘मस्करी’ म्हणू नये एवढी अपेक्षा फार नाही. दिव्यांग मुलाला लोकांसमोर हेतुपूर्वक अपमानित केलं, तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम ९२.

पोक्सो, २०१२ या मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याबद्दल मात्र जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात महाग चूक इथे होते. संडासात पँट ओढणं, नको तिथे हात लावणं, कपडे बदलताना फोटो काढणं, हे ‘मुलांची मस्ती’ म्हणून शाळेतच मिटवलं जातं. कृत्यामागे लैंगिक हेतू होता की नव्हता हे ठरवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही. संशय असेल तर कळवायचं, हे कलम १९ सांगतं, आणि न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत, संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी समितीची बैठक घेऊ’ हे इथे चालत नाही. फोटो असेल तर तो पुरावा म्हणूनही कुणाला पाठवायचा नाही, दुसऱ्या शिक्षकालाही नाही, कारण मुलाचं तसं चित्र पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ज्या फोनवर आलं तो फोन तसाच पोलिसांना दाखवायचा. साधी शिवीगाळ, खोटं खातं, टिंगलीचे मीम असतील, तर स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसता कापलेला मजकूर काही सिद्ध करत नाही.

राज्याच्या आदेशांकडे येऊ. सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती, मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने आली. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय निघाला : सीसीटीव्ही, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज पाहणं, तक्रारपेटी, आणि गैरप्रकार घडल्यास २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं. यातली २४ तासांची अट सोन्यासारखी आहे. कॅमेऱ्याबद्दल तेवढा उत्साह वाटत नाही. कॅमेरा फाटकावर, कार्यालयाबाहेर आणि वऱ्हांड्यात बसतो. छळ संडासात, जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीमागे आणि शाळा सुटल्यावर पहिल्या दोनशे मीटरमध्ये होतो. पोरांना कॅमेऱ्याचा कोन शिक्षकांपेक्षा चांगला ठाऊक असतो.

म्हणून कॅमेऱ्याआधी नकाशा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा. पहिल्याच आठवड्यात चौथीपासून पुढच्या प्रत्येक मुलाला शाळेचा कोरा आराखडा द्यायचा, नाव लिहायला लावायचं नाही, आणि जिथे भीती वाटते तिथे लाल ठिपका द्यायला सांगायचं. मुलींचे आणि मुलांचे कागद वेगळे ठेवायचे, कारण ठिपके वेगळ्या जागी पडतात. चाळीस कागद एकावर एक ठेवून मोजले, की तीन-चार जागा आपोआप वर येतात. मग त्या जागी मधल्या सुट्टीत कोण उभं राहणार, त्याचं नाव असलेला तक्ता करायचा. ‘सर्व शिक्षकांनी लक्ष ठेवावे’ म्हणजे कुणीच ठेवू नये. दोनशिक्षकी शाळेत एवढे हात नसतात. तिथे सुट्टीच दोन तुकड्यांत करावी : पहिली ते चौथी आधी जेवेल, पाचवी ते सातवी नंतर. खिचडीची रांग एकाच वेळी लागली नाही, की निम्म्या धक्काबुक्कीला जागाच उरत नाही. ज्या इमारतीत सकाळ-दुपार दोन शाळा भरतात, तिथे अदलाबदलीची दहा मिनिटं सगळ्यात वाईट, आणि ती वेळ कुठल्याच शाळेच्या तक्त्यात नसते. ती कुणाची, हे दोन्ही मुख्याध्यापकांनी लिहून ठरवावं. ऑटो-व्हॅनमधला त्रास मात्र शाळेबाहेरचा म्हणून झटकला जातो. स्कूलबसच्या २०११ च्या राज्य नियमांत शाळा पातळीवरची परिवहन समिती याचसाठी आहे, तिच्या बैठकीत हा विषय मांडता येतो.

तक्रारपेटीचं काय होतं, ते बहुतेक शाळांत दिसतंच : कुलूप गंजलेलं, किल्ली सापडत नाही, पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी. तिथे चिठ्ठी टाकणारं पोर सगळ्यांना दिसतं, आणि अक्षरावरून बाईंना कळतंच. उपाय स्वस्त आहे. दर शनिवारी सगळ्या वर्गाला एकसारखी छापील चिठ्ठी द्यायची, तिच्यावर फक्त खुणा करायच्या चौकटी : मला त्रास झाला, दुसऱ्याला होताना पाहिला, काही नाही, कुठे, कधी. सगळेच चिठ्ठी टाकतात, त्यामुळे कुणी उघडं पडत नाही. शाळेत मराठी, हिंदी, उर्दू अशी जी माध्यमं असतील त्या सगळ्या भाषांत ती छापावी. आणि सोमवारी परिपाठाला सांगावं : इतक्या चिठ्ठ्या आल्या, इतक्यांवर काम सुरू आहे. नावं नाहीत, फक्त आकडे. उत्तर आलं नाही, तर तिसऱ्या शनिवारी सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘काही नाही’ असतं, आणि शाळा खूश होते.

‘दुसऱ्याला होताना पाहिला’ ही चौकट मुद्दाम ठेवली आहे. छळाला प्रेक्षक लागतात. फिनलंडचा ‘किवा’ कार्यक्रम याच बघ्यांवर काम करतो. बघणाऱ्यातल्या एकानेही ‘चल रे, सोड’ म्हणून त्या पोराला तिथून उचललं, तरी खेळातली मजा जाते. मुलांना ‘धाडस करा, भिडा’ शिकवू नये, त्यातून मारामारी होते. बाजूला घेऊन जाणं आणि मोठ्यांना सांगणं, एवढंच शिकवावं. आणि चुगली व तक्रार यांतला फरक सांगावा : कुणाला अडकवायला सांगितलं ती चुगली, कुणाला सोडवायला सांगितलं ती तक्रार. हे तिसरीतल्या पोरालाही कळतं.

तक्रार आल्यावर शाळा जी घाई करते, तिनेच प्रकरण बिघडतं. दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणणं ही त्यातली पहिली चूक. ताकद सारखी नसताना मध्यस्थी होत नाही. लहान पोर समोर मान डोलावतं आणि फाटकाबाहेर दुप्पट भोगतं. आधी त्रास झालेल्या मुलाशी, त्याच दिवशी, एकट्याशी बोलावं. ‘त्याने तुला मारलं का?’ असं न विचारता ‘काय झालं ते पहिल्यापासून सांग’ म्हणावं. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, शिवी असेल तर शिवीसकट. ‘अपशब्द वापरले’ असं सभ्य करून लिहिलं, की तो जातीवाचक शब्द होता की नव्हता हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. मग साक्षीदार, प्रत्येक वेगळा. मग त्रास देणारे, तेही एकेकटे आणि एकामागोमाग एक, मधे त्यांना एकत्र येऊ न देता. दोन्हीकडचे पालक एकाच वेळी बोलवू नयेत. जागा बदलायची असेल, तर त्रास देणाऱ्याची बदलावी. नेहमी उलटच होतं. तो त्रास देणारा घरी किंवा वरच्या वर्गातल्यांकडून मार खातोय का, हेही विचारावं, कारण बऱ्याचदा तो दोन्ही बाजूंना असतो.

नोंदवहीला एक साधी वही पुरते. पानावर आठ रकाने : तारीख, वेळ, जागा, कुणाला, कुणी, काय झालं (मुलाच्या शब्दांत), काय केलं, पुन्हा कधी पाहणार. शेवटच्या रकान्यात दोन तारखा आधीच टाकाव्यात, दोन आठवड्यांनंतरची आणि सहा आठवड्यांनंतरची. पानांवर छापील क्रमांक असावेत, म्हणजे पान फाडता येत नाही. दर महिन्याच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नावं झाकून ती वही समोर ठेवावी. समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यामुळे तिथे एकदा वाचली गेलेली गोष्ट पुरून टाकता येत नाही.

पालकांचा अर्ज एका पानाचाच बरा. वरच्या भागात मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी. मग तारखांची यादी : कोणत्या दिवशी, कुठे, काय. ‘वारंवार त्रास’ हे शब्द टाळावेत, त्याऐवजी तीन तारखा लिहाव्यात. डोकं फुटलं, दात तुटला तर मेयो किंवा मेडिकल या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांतला, किंवा महापालिकेच्या दवाखान्यातला त्याच दिवशीचा कागद जोडावा. शेवटी काय हवंय ते लिहावं : चौकशी, सात दिवसांत लेखी उत्तर, मधल्या सुट्टीत अमुक जागी शिक्षक. दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. पोच देत नसतील तर वाद घालू नये, तीच प्रत स्पीड पोस्टने पाठवावी आणि पावती अर्जाला टाचावी. सात दिवसांत उत्तर नाही आलं, तर नागपूर महापालिकेच्या शाळेसाठी सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयातले शिक्षणाधिकारी. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. शिक्षण हक्काच्या कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते, आणि तिथे समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मूल धोक्यात असेल तर या पायऱ्या चढत बसू नये, १०९८ किंवा ११२ लावावा.

सहा आठवड्यांनी त्या वहीतली दुसरी तारीख येते. त्या दिवशी मुलाला ‘आता सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं, तर ते ‘हो’ म्हणणारच. त्याऐवजी तो खिचडी कुठे बसून खातो, कुणाच्या शेजारी, आणि शाळा सुटल्यावर कोणत्या रस्त्याने घरी जातो, एवढं विचारावं. पूर्वीपेक्षा लांबचा रस्ता सांगितला, तर प्रकरण बंद करू नये. त्याच पानावर नवी तारीख टाकावी.